कोंडणाऱ्याची पेंडी

आमच्या गावच्या कोंडवाड्याचे आबा जनावराला कधी दोष देत नसत. कुणी मोकाट गाय ओढत फाटकापाशी आणली, तर ते गाईकडे पाहतसुद्धा नसत. आणणाऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत आणि शांतपणे विचारत, "पेंडी कुठं हाय?"

लासुर्ण्याहून थोडे आत गेले की आमचे गाव लागते. चहूकडे ऊस, आणि उसात शिरलेल्या जनावरांसाठी ग्रामपंचायतीने बांधलेला हा दगडी कोंडवाडा. शासनाचा नियम सरळ आहे. पीक खाणारे जनावर कोंडवाड्यात घालावे, मालकाने दंड आणि वैरणीचा खर्च भरून ते सोडवून न्यावे. आबांनी मात्र त्यात आपला एक नियम बसवला होता. ज्याने जनावर कोंडले, त्याने ते सुटेपर्यंत रोज स्वतः कडब्याची पेंडी आणून घालायची. हा नियम कोणत्याही पुस्तकात नव्हता. पण आबा मूळचे मेंढरे राखणाऱ्या घरातले, सहा फूट उंच, खांद्यावर घोंगडी. त्यांना पुस्तक दाखवायला कुणी पुढे येत नसे.

"कडी घालाय एक हात पुरतो," ते म्हणत. "पर आत जीव हाय म्हणल्यावर रोज वैरण लागती."

या नियमाचा परिणाम मोठा मौजेचा होता. एकदा एका बागायतदाराने केवळ खुन्नस म्हणून शेजाऱ्याचा बैल आणून कोंडला. पहिल्या दिवशी त्यांनी गड्याकरवी पेंडी पाठवली. आबांनी गडी परत लावला, "कोंडलं मालकानं, आन् वाहायचं तू?" मग बागायतदार स्वतः डोक्यावर पेंडी घेऊन भर बाजारपेठेतून येऊ लागले. बैल खाणारा होता. तीनचार दिवसांत त्यांनी शेजाऱ्याच्या दारात जाऊन हात जोडले, "बाबा, तुझा बैल घेऊन जा. दंड मी भरतो." आबांच्या काळात कोंडवाडा बहुतेक रिकामाच असे, आणि रिकाम्या कोंडवाड्याचा पगार घेतो म्हणून ग्रामसभेत त्यांच्यावर टीकाही होई.

मी त्या टीकाकारांपैकी एक होतो. मी माध्यमिक शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. त्या वर्षी गावाने मला तंटामुक्ती समितीचे अध्यक्षही केले होते. अशा माणसाने गावातला त्या वर्षातला सर्वांत मोठा तंटा उभा करावा, हे आजही मला नीट पचवता येत नाही.

सखूबाईंची म्हैस माझ्या उसात शिरली. सखूबाई एकट्या, त्या म्हशीच्या दुधावर घर चालवणाऱ्या. मी म्हैस हाकत कोंडवाड्यावर नेली. आबांनी विचारले, "पेंडी कुठं हाय, सर?" मी त्यांना नियम समजावून सांगितला, वर्गात सांगतो तसा, तीन मुद्द्यांत. आबांनी सगळे ऐकून घेतले.

"नियम तुमचा बरोबर हाय," ते म्हणाले. "पर म्हस नियम खात न्हाय."

मी पेंडी नेली नाही. त्यात कडब्याच्या पेंडीचा प्रश्न नव्हता. डोक्यावर ती घेऊन माझ्या विद्यार्थ्यांसमोरून जाण्याचा होता. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक भाऊसाहेबांना पंचनाम्यासाठी घेऊन मी तेथे पोचलो, तर आबा दगडाने कुलूप तोडत होते. किल्ली आदल्या संध्याकाळी मीच भाऊसाहेबांकडे ठेवायला लावली होती. भाऊसाहेब फाटकात आडवे उभे राहिले. उपाशी म्हशीने त्यांना ढुशी दिली. भाऊसाहेब पाण्याच्या हौदात पडले, आणि म्हैस शांतपणे माझ्या उसाच्या दिशेने निघाली.

भाऊसाहेबांना खरचटलेसुद्धा नव्हते, नुसते ओले झाले होते. पण तक्रार द्यायचीच असा हट्ट मी धरला. सरकारी कामात अडथळा आणि सरकारी मालमत्तेचे नुकसान, असा गुन्हा दाखल झाला. आबा पोलिस ठाण्याच्या बाकावर बसून विचारात पडले होते.

"हवालदार, कोंडवाडा राखायचं सरकारी काम कुणाचं?"

"तुमचंच की, आबा."

"मग माझ्या कामात मीच आडवा आलो व्हय?"

"आबा, गप बसा वाईच. लिहिताना चुकतंय."

हवालदारांनी जे लिहिले त्यात एक वाक्य असे होते की, आरोपीने म्हशीचा वापर करून लोकसेवकावर बलप्रयोग केला. त्यामुळे म्हैस हे हत्यार ठरले आणि मुद्देमाल म्हणून जप्त झाले. मुद्देमाल ठेवायचा कोठे? कोंडवाड्यात. कोंडवाडा राखायचा कोणी? राखणारा तर तुरुंगात. म्हणून एका तरुण शिपायाची नेमणूक झाली. तो शहरातला होता आणि म्हशीला घाबरत असे. फाटकापासून लांब खुर्ची टाकून तो दिवसभर तिच्यावर नजर ठेवी, आणि म्हैस त्याच्यावर.

दोन दिवसांनी मला तुरुंगातून फोन आला. "सर, तुमचा आरोपी जेवत न्हाय."

"माझा?"

"तो म्हणतोय, सरकारनं न्हाय, सरांनी कोंडलंय. पेंडी सर आणणार. तवर सरकारच्या भाकरीला हात लावत न्हाय."

मी फोन ठेवला आणि कायदा अशा हट्टापुढे झुकत नसतो, असे पत्नीला ऐकवले. तिने ऐकता ऐकता परातीत पीठ घेतले. "कायद्याचं तुम्ही बघा," ती म्हणाली, "म्हाताऱ्याच्या पोटाचं मी बघते. डबा तेवढा तुम्ही न्यायचा."

घरचा डबा देण्यासाठी रीतसर परवानगी काढावी लागली. मग माझा दिनक्रम ठरून गेला. सकाळी डोक्यावर पेंडी घेऊन कोंडवाड्यावर जायचे, कारण सखूबाईंनी फाटकातच बजावले होते, "म्हस कोंडली तुमी, आन् वैरण मी घालू व्हय? वा रं शहाणं!" शिपायाच्या पहाऱ्यात सखूबाई मुद्देमालाची धार काढीत, तेवढा वेळ मी म्हशीची शिंगे धरून उभा राही, कारण शिपाई ती धरायला तयार नव्हता. मग एसटीने इंदापूरचा तुरुंग, डबा, आणि परत शाळा. मी पोचेपर्यंत नागरिकशास्त्राचा तास संपलेला असे. तो चित्रकलेचे शिक्षक घेत. मुलांनी त्या सत्रात लोकशाहीची फार सुंदर चित्रे काढली.

इकडे कोंडवाडा मुद्देमालाने अडल्यामुळे गावातल्या इतर मोकाट जनावरांना जागा उरली नाही. ती कुणाच्याही उसात जाऊ लागली. माझ्या दोन सऱ्या वाचवण्यासाठी मी एका माणसाला आत घातले होते. त्याच्या बदल्यात साऱ्या गावाचा ऊस म्हशी-गाईंच्या तोंडी दिला होता. लोक मला रस्त्यात गाठून विचारत, "अध्यक्ष, आबा कवा सुटणार?" त्यांच्या प्रश्नात आबांची काळजी किती आणि उसाची किती, हे मी तपासत बसत नसे. माझ्या स्वतःच्या काळजीचाही हिशेब मला देता आला नसता.

जाळीपलीकडे आबा भाकरी हातात घेऊन आधी तिचा वास घेत. "बाईंच्या हातची हाय," ते समाधानाने म्हणत. भाकरीवर खूष, माझ्यावर राग नाही, सरकारवरही नाही. हेच मला सोसेना. आणि रोज जाळीतून दिसणारे त्यांचे मनगट बारीक होत होते. आत त्यांना खोकला धरला होता. आपला मोकळ्या माळाचा माणूस भिंतीत मरणार, ही भीती एसटीत माझ्या शेजारी बसून यायची.

आत आबांनी आपली चौकशी सुरू केली होती. बराकीतल्या प्रत्येकाला ते विचारत, "तुला कुणी कोंडलं? त्यो भाकरी आणतो का?" शेवटी त्यांनी पहाऱ्यावरच्या शिपायालाच विचारले. त्याने मान हलवली, "आबा, मी नुसतं कुलूप घालतो. कोंडणारा मी न्हाय." मग तुरुंगाच्या साहेबांना विचारले. साहेब म्हणाले, "आम्ही हुकुमाप्रमाणे ठेवतो." आबांनी हे सगळे मला सांगितले आणि खोकून झाल्यावर म्हणाले,

"सर, हितं पाय पसराय जागा न्हाय. माझा कोंडवाडा रिकामा का असायचा, आन् ह्यो भरलेला का, मला आता उमगलं. हितल्या कोंडणाऱ्यांना पेंडी वाहाय लागत न्हाय."

मी तक्रार मागे घ्यायला गेलो. वकिलांनी मला समजुतीने सांगितले की, खटला आता सरकारचा आहे. मी केवळ साक्षीदार. आबांना हे कळले तेव्हा पहिल्यांदाच त्यांना धक्का बसलेला मी पाहिला.

"आणणाऱ्यानं सोडा म्हणलं, की मी कडी काढायचो. हितं आणणाऱ्याचं बी चालत न्हाय?"

"नाही, आबा."

"अरं तिच्या! मग तुमी बी कोंडलं गेला की, सर."

जामीन मंजूर झाला, पण सातबारा घेऊन जामीनदार उभा राहायला हवा होता. भावकीतले दोघे तयार होते. आबांनी जाळीतूनच मान हलवली. ज्याने कोंडले, त्यानेच सोडवायचे. वकील म्हणाले, फिर्यादीने आरोपीला जामीन राहिल्याचे त्यांनी उभ्या हयातीत पाहिलेले नाही. पण राहू नये असेही कुठे लिहिलेले सापडत नाही.

न्यायाधीशांनी कागद पाहिला, मला पाहिले, पुन्हा कागद पाहिला. "फिर्यादीही तुम्ही आणि जामीनदारही तुम्हीच?"

"होय, साहेब."

"आरोपी पळून गेला तर?"

"शोधायला मीच जाईन, साहेब. डबा घेऊन."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि सही केली.

एसटीतून उतरल्यावर आबा घरी न जाता सरळ कोंडवाड्याकडे चालू लागले. शिपाई त्यांना पाहून खुर्चीवरून असा उठला की जणू त्याचाच जामीन झाला. म्हैस पुढे रीतसर बंधपत्रावर सखूबाईंना मिळाली. खटला संपेपर्यंत विकायची नाही, या अटीवर. तोवर ती पुरती आटली होती. ती पुन्हा विऊन दुभती होईपर्यंत, सखूबाईंनी न मागता, मी त्यांच्या घरी दुधाचा तांब्या पोचवत राहिलो. त्या तो घेत आणि माझ्याशी बोलत नसत.

आरोपी म्हणून आबांचे काम गेले. आता कोंडवाडा नियमाप्रमाणे चालतो, म्हणून सदैव भरलेला असतो. तारखेला आम्ही दोघे बरोबर इंदापूरला जात असू. बाकावर शेजारी बसून माझ्या डब्यातली भाकरी खात असू. त्यांचा खोकला कधी गेला नाही. पुकारा व्हायचा, पुढची तारीख मिळायची. गेल्या हिवाळ्यात आबा गेले. त्यानंतरच्या तारखेला नाव पुकारले गेले, तेव्हा मीच उभा राहिलो. आरोपी मयत झाल्याने खटला संपला आणि जामीनदार मुक्त झाला, असे मला सांगण्यात आले. ते मी ऐकले. बाकावर डबा उघडला आणि सवयीने दोघांची भाकरी आणली आहे, हे पाहून पुन्हा बंद केला.

परवा माझ्या विहिरीवरची केबल कापताना एक माणूस सापडला. कारखान्यावरचा हंगामी मजूर, काम सुटलेला. लोकांनी त्याला माझ्या ओट्यावर आणून बसवले. "सर, लावा ठाण्याला फोन," सगळे म्हणाले. मी फोन हातात घेतला. तो माणूस जमिनीकडे पाहत होता. नंबर लावण्याआधी माझ्या तोंडून आपसूक हाक गेली,

"अगं, घरात पीठ किती आहे?"

पत्नी दारात आली. तिने माझ्या हातातला फोन पाहिला, मग त्या माणसाकडे पाहिले.

"फोन खाली ठेवा," ती म्हणाली. "ह्याला इथंच वाढते. रोज इंदापूरला पोचवण्यापेक्षा परवडेल."

तो पाच भाकरी जेवला. मग केबल पुन्हा कोण जोडणार, असा प्रश्न निघाला, तेव्हा त्यानेच भीत भीत हात वर केला. ती कुठे कुठे कापली आहे, हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हते.