चपलेच्या कातड्याचे बुश
ग्रीस लागलेल्या कातड्याचा वास आला की मला मूल गावाच्या अलीकडचं जंगल आठवतं. पन्नास-बावन्नचा उन्हाळा असेल, रस्त्याकडेला गळलेली मोहफुलं उन्हात आंबत होती. बाबांचं पोट फुगून दगडासारखं झालं होतं, म्हणून दादा आपल्या जुन्या मोटारीतून त्यांना चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, दवाखान्यात नेत होता. आई आणि मी सोबत होतो. वाटेत क्लचचं पेडल दाबलं गेलं ते वर येईना. दादा गाडीखाली शिरला आणि म्हणाला, "पेडलच्या दांड्याभोवतीच्या कड्या, हे बुश, पार झिजले. पेडल तिरपं होऊन अडकून राह्यलं." मी दुसऱ्या गाडीसाठी रस्त्यावर उभा राहिलो, पण दोन्हीकडून फक्त धुळीचा वारा येत होता. शेवटी दादाची नजर बाबांच्या जाड चपलांवर गेली. आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेले बाबा हळूच म्हणाले, "काप. चांद्याले नवी घेऊन दे मले." दादाने चाकूने कातड्याच्या पट्ट्या काढल्या, त्यांना ग्रीस चोपडलं आणि झिजलेल्या बुशांच्या जागी घट्ट गुंडाळून बसवल्या. पेडल सरळ वरखाली होऊ लागलं. "झालं, बाबा," म्हणत तो बाहेर आला, तेव्हा आई बाबांच्या तोंडावर पदर ओढत होती. "आता घाई नोको करू," ती म्हणाली, "घरी चाल." दादाने गाडी वळवली. गिअर अलगद पडत गेले आणि गावापर्यंत आम्ही कुठंच अडलो नाही. आता मी बाबांहून म्हातारा झालो आहे, तरी वाटतं, परतताना ती गाडी एकदा तरी बंद पडायला हवी होती.