गपगोळी

"अकरा! अकरा फोन केले त्या मानसानं! कुठं गेले ते अकरा फोन? सांग की!"

आबांचा आवाज असा होता, की बारामतीच्या स्टँडात फलाटाला लागलेली एसटी चार हात मागं सरकली असेल. दुकानात सात गिऱ्हाइकं होती. मी एकाच्या मोबाइलला काच चिकटवत होतो. त्या दणक्यानं काचेखाली हवेचा बुडबुडा धरला, असं मी पुढं कित्येकांना रंगवून सांगितलं. बुडबुडा माझ्याच बोटानं आला होता. माझं लक्ष काचेवर नव्हतं, कारण ते अकरा फोन कुठं गेले हे त्या दुकानात एकट्या मला ठाऊक होतं.

मोबाइलच्या दुकानात मी बारा वर्षं काढली, आधी इंदापुरात, मग बारामतीत. या बारा वर्षांत जे सोसलं त्यात माणूस एक तर साधू होतो नाही तर लबाड. मी साधू झालो नाही. भिगवणच्या एका मासेवाल्यानं बंद पडलेला फोन आणला. मागचं कव्हर काढलं तर आत चिलापी. जिवंत होती, शेपूट हलवत होती, असं मी सांगतो. बायको म्हणते, तुम्ही घरी आल्यावर नुसता खवला म्हणाला होता. एकानं नव्या फोनची पूजा केली आणि चार्जिंगच्या भोकात हळदीकुंकू भरलं. वर मलाच म्हणाला, "पूजा सोसत न्हाय असला कसला माल इकतो रं?" एक बाई रोज यायच्या आणि फोनवरची तारीख बरोबर आहे का ते विचारून जायच्या. भिंतीवर कॅलेंडर होतं. त्याच्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

पण खरा वैताग होता तो कंपन्यांच्या फोनचा. कार्ड घ्या, विमा घ्या, प्लॉट घ्या. ते फोन करणाऱ्या बाया कुठल्या कुठं बसलेल्या, आणि त्यांच्या वाटणीच्या शिव्या आम्हाला. फोन तुम्ही विकला ना, मग बायाही तुम्हीच आत बसवल्या असणार!

आबा कोऱ्हाळे बुद्रुकचे. घरात माणसं पाच आणि फोन दोन, एक मुलाकडं, एक यांच्याकडं. त्या बायांपायी ते महिन्यात आठ वेळा आले.

"आरं, ती पुन्ना आली. म्या म्हनलं, ताई, मी दारं धरतोय उसाला, मंग करा. तर ऐकूनच घेत न्हाय. आपलंच बोलती."

"आबा, ती बाई खरी नसते. आवाज भरून ठेवलेला असतो."

"मंग मला 'नमस्कार' कशापायी म्हनली?"

आठव्या खेपेला मी त्यांना गपगोळी दिली. फोनमध्ये एक सोय असते, ती चालू केली की ज्यांचे नंबर नावानिशी जतन आहेत तेवढ्यांचेच फोन वाजतात. बाकी सगळे दारातच मरतात. करणाऱ्याला वाटतं लाइन बिझी आहे, आणि ज्याला केला त्याच्या खिशात फोन हूं की चूं करत नाही. आमच्या दुकानात तिचं नाव गपगोळी. फार पिडणाऱ्या म्हाताऱ्याला आम्ही ती गुपचूप द्यायचो. काय केलं ते सांगायचं नाही, हा आमचा नियमच होता. सांगायला बसलं तर अर्धा तास जातो, आणि शेवटी माणूस म्हणतो, "मंग नको. कुनाचा यायचा असंल तर?"

हा प्रश्न ते बरोबर विचारायचे. म्हणूनच आम्ही सांगत नव्हतो.

"झालं आबा. आता ती बाई मेली समजा."

"द्येव तुझं भलं करो," आबा म्हणाले. त्यानंतर ते दीड महिना आले नाहीत. मी त्यांना विसरून गेलो. चांगलं गिऱ्हाईक म्हणजे विसरता येणारं गिऱ्हाईक, असं मी तेव्हा म्हणायचो. हसायचे लोक.

त्या दीड महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी काय झालं, ते आबांनी त्या दिवशी काउंटरवर ओरडत सांगितलं. त्यांची मंडळी डाळजला भावाकडं गेली होती. परत येताना बारामतीच्या गाडीसाठी भिगवणला उतरली आणि हायवेच्या कडेच्या हॉटेलात पाणी प्यायला थांबली. तिथंच तिचा उजवा हात लुळा पडला. तोंड वाकडं व्हायला लागलं. हॉटेलवाला भला माणूस. त्यानं विचारलं, घरचं कोण? तिनं जड जिभेनं नवऱ्याचा नंबर सांगितला. तोच एक तिला पाठ होता. त्यानं स्वतःच्या फोनवरून लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझी. हॉटेलातली माणसं म्हणाली, म्हातारा कुणाशी तरी गप्पा हाणतोय, थांबा जरा. अनोळखी बाईला गाडीत घालून न्यायचं तर घरचं कुणी तरी पाहिजे, म्हणून ते थांबले. चांगली माणसं होती म्हणूनच थांबली. अकरा फोन आणि अडीच तास. तोवर बाईची वाचा गेली. मग कुणी तरी म्हणालं, आता घरच्यांची वाट बघू नका, आणि तिला बारामतीला दवाखान्यात आणलं. तिच्या पिशवीत औषधाची चिठ्ठी सापडली, तिच्यावरून घर कळलं.

"डॉक्टर म्हनला, लवकर आनायला पायजे व्हतं," आबा म्हणाले. आता आवाज खाली आला होता. "माझा फोन हितं, बंडीच्या खिशात. चालू. मी बांधावर बसलेलो. अकरा फोन गेले कुठं? तू सांग. तुला यातलं कळतंय."

त्यांनी फोन माझ्यापुढं ठेवला. सातही गिऱ्हाइकं माझ्याकडं बघत होती. मालक आतून डोकावला.

आणि माझं तोंड सुटलं. थापा मारायला मला कधी दम लागला नाही. मी म्हणालो, "आबा, हे उजनीचं पाणी. धरण भरलं की भिगवणच्या टॉवरची रेंज पाण्यावरनं पसरत जाते, जमिनीकडं फिरतच नाही. मागं एकाचा फोन भिगवणातनं लावला तो थेट करमाळ्यात वाजला, पाण्यापलीकडं. सरकारला सुद्धा इलाज नाही." तोंड उजनीवर होतं आणि अंगठा आबांच्या फोनमध्ये. अडवलेल्या फोनांच्या यादीत एकच नंबर अकरा वेळा, लाल अक्षरांत. मी यादी पुसली. गपगोळी काढली. सगळं मिळून पाणी प्यायला लागेल एवढाच वेळ.

"आमच्या पाव्हन्यांकडं बी असंच व्हतंय," काच लावून घेणारा म्हणाला.

आबा माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "असं व्हय." फोन उचलून बंडीत घातला आणि गेले. मालकानं माझी पाठ थोपटली.

त्या आठवड्यात मी ज्यांना ज्यांना गपगोळी दिली होती, त्यांना आठवायला बसलो. दिली असेल शंभराला, आठवले सतरा. वहीतून त्यांचे नंबर काढले आणि एकेकाला फोन लावला, की या दुकानात, एक काम आहे. सतराही जणांची लाइन बिझी. माझा नंबर कुणीच जतन केलेला नव्हता. मी तीन दिवस लावत होतो. त्यातले चौघे पुढं आपणहून आले, दुसऱ्याच तक्रारी घेऊन. बाकीच्यांचं काय झालं, मला माहीत नाही.

चार महिन्यांनी आबा मंडळींना घेऊन आले. धरून आणलं, स्टुलावर बसवलं, पदर सावरून दिला. मोठ्या पडद्याचा फोन पाहिजे होता. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी घरी बघायला व्हिडिओ दिले होते. मी फोन काढला, व्हिडिओ लावून दिला. पडद्यावरची बाई म्हणाली, "आ." म्हातारीनं तोंड उघडलं. नुसता श्वास आला. आबांनी स्वतः "आ" करून दाखवलं, भर दुकानात, लहान पोराला घास भरवताना करतात तसं. ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. तिच्या डाव्या डोळ्यात पाणी होतं. उजवा कोरडाच होता.

मी काउंटरच्या बाहेर आलो. बारा वर्षांत गिऱ्हाइकासाठी मी काउंटरच्या बाहेर आलो नव्हतो. मालक जेवायला गेला होता.

"आबा, ते धरणाचं खोटं होतं. फोन मीच बंद केले होते. आणि ती यादी तुमच्यासमोर मीच पुसली."

आबांनी मंडळींचं तोंड रुमालानं पुसलं. घडी घालून रुमाल खिशात ठेवला.

"ठावं हाय," ते म्हणाले. "तुझ्याकडं यायच्या आदीच सुनंनं दावली व्हती ती यादी."