पेशा लोहार, साकिन इंग्लंड

माझे सासरे परंड्याच्या तहसील कचेरीत पेशकार होते. तहसीलदारांसमोर कागद मांडायचे, आणि ते तोंडी देतील तो हुकूम लिहून घ्यायचा, हे पेशकाराचं काम. पंचवीस वर्षं त्यांनी ते उर्दूत केलं. पोलिस ॲक्शननंतर संस्थान विलीन झालं, कचेरीतली उर्दू मागं पडत गेली आणि इंग्रजी आली. जुन्या लोकांसाठी खात्यानं इंग्रजीची परीक्षा लावली, एक दिवस लेखी आणि एक दिवस तोंडी. सासरे एकदा तिला बसले आणि तोंडीत गेले. दुसऱ्यांदा नापास झाले तर पेशकारी जाणार आणि ते दप्तरखान्यात बस्ते सोडायला-बांधायला बसणार, हे कचेरीतल्या शिपायालाही माहीत होतं. बस्ता म्हणजे फडक्यात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा. पंचवीस वर्षं ज्यांनी बस्ते मागवले, त्यांनी आता ते आणून द्यायचे होते.

त्याच वर्षी मी सून म्हणून त्या घरात आले. माहेर सोलापूरचं. मॅट्रिकला इंग्रजीत बरे गुण पडले म्हणून शाळेनं एक जाड डिक्शनरी बक्षीस दिली होती. ती ट्रंकेत साड्यांच्या खाली होती. सासूबाईंनी ती उचलली, वजन पाहिलं आणि हे कशाचं पुस्तक म्हणून विचारलं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सासऱ्यांच्या पुढ्यात चहा ठेवला आणि म्हणाल्या, “मास्तर हुडकू नका. घरात आलाय.”

हायस्कूलच्या तरण्या मास्तरापुढं पेशकारांनी पाटी घेऊन बसणं बरं दिसलं नसतं, म्हणून सासऱ्यांनी तोवर कुणाला विचारलं नव्हतं. माझे पती शेतकी खात्यात, आठवड्यातले पाच दिवस फिरतीवर. तेव्हा शिकवणार मीच, हे ठरलं. अडचण वेगळीच होती. आमच्याकडं सून सासऱ्यांच्या समोर बसत नसे आणि त्यांच्याशी थेट बोलत नसे. काही सांगायचं असेल तर सासूबाईंना सांगायचं, त्या त्यांना सांगत. पाणी तापलंय हेही असंच जाई. इंग्रजीही असंच जाऊ लागलं.

रोज सकाळी कचेरीच्या आधी तासभर शिकवणी चाले. सासरे ओसरीवर, मी माजघरात दाराआड, आणि मधे उंबऱ्याशी सासूबाई, पुढ्यात निवडायचे तांदूळ. मी एक वाक्य म्हणे. सासूबाई ते शब्दाला शब्द ओसरीकडं म्हणत. सासरे उत्तर देत, ते मला ऐकू येई, तरी सासूबाई ते परत माझ्याकडं आणत. त्यांना फक्त देवनागरी वाचता येई आणि इंग्रजीचा अर्थ कळत नसे, पण कान असा की एकदा ऐकलेलं वाक्य त्या सांडू देत नसत. त्यांचं इंग्रजी त्यांच्या मराठीच्या चालीनं येई, शेवटचा शब्द लांबवत.

पुस्तक दप्तरखान्यातून आलं. एका बस्त्यात जमाबंदीच्या कागदांबरोबर एक कातडी बांधणीची इंग्रजी कादंबरी निघाली होती. ती तिथं कशी आली हे कुणालाच सांगता येईना. पहिली आणि शेवटची पानं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळं नाव नाही आणि शेवटही नाही. सासऱ्यांनी तहसीलदारांना विचारून, चिठ्ठी लिहून ठेवून ती घरी आणली. परंड्यात दुसरं इंग्रजी पुस्तक शोधत कोण फिरणार?

छपाई फार जुनी होती. एस हे अक्षर एफसारखं दिसे. पब्लिक आणि म्युझिक या शब्दांच्या शेवटी सीनंतर आणखी एक के. ‘शो’मध्ये ओच्या जागी ई. मला पहिली चार पानं लागायला दोन दिवस लागले. सासऱ्यांना या अक्षरांचं काही वाटलं नाही. उर्दूतली घाईची मोडकी लिपी वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि त्याआधी घरात मोडी होतीच. मी मात्र रोज एका कागदावर आजची स्पेलिंगं लिहून उंबऱ्यावर ठेवत असे, परीक्षेत जुनी जाऊ नयेत म्हणून. पब्लिकचा के गेलेला पाहून त्यांनी सासूबाईंना सांगितलं, “त्याला पेन्शनीत काढला म्हणायचं.” पुढं सोलापूरच्या एका दैनिकात मी बरीच वर्षं मुद्रितं तपासली. पानभर चुका निघाल्या की मला तो के आठवत असे.

गोष्ट साधी होती. मिस चँडलर नावाची पोरकी मुलगी काका मिस्टर कूपर यांच्या घरी राहते. शेजारचे मिस्टर स्मिथ उतारवयाचे आणि मोठे जमीनदार. काकांना ते स्थळ पसंत आहे. मुलीच्या मनात मिस्टर क्लार्क आहेत, ते एका वकिलाकडं लिहिण्याचं काम करतात.

सासऱ्यांनी कचेरीच्या सवयीप्रमाणं एक वही घेतली आणि रकाने आखले. नाव. वल्द, म्हणजे बापाचं नाव. पेशा. साकिन, म्हणजे राहणार कुठला. शेवटी कैफियत, म्हणजे काय घडलं ते. गोष्टीत कुणी नवं आलं की त्याची नोंद झाल्याशिवाय आम्हाला पुढं जाता येत नसे. नावाचा अर्थ ते विचारत, मी डिक्शनरी पाहून सांगत असे. चँडलर म्हणजे मेणबत्त्या करणारा. कूपर म्हणजे लाकडी पिंपं बांधणारा. स्मिथ म्हणजे लोहार. हे अर्थ ते सरळ पेशाच्या रकान्यात लिहीत गेले. तिसऱ्या आठवड्यात त्यांचं लिहिणं थांबलं. सासूबाई आत वळल्या.

“विचारायलेत, लोहाराकडं एवढी जमीन आली कुठून? इनाम मिळालंय का?”

मी म्हटलं, तो लोहार नाही, आडनाव लोहार आहे.

“आणि मला विचारायचंय,” सासूबाई म्हणाल्या, “पिंपवाला आपली पुतणी लोहाराला देतोच कसा? त्यांच्यात चालतं का असं?”

मग मी सगळं सांगितलं. कुणा खापरपणजोबाचा धंदा नावाला चिकटला आणि राहिला, आता यांच्यात कुणी ऐरण पाहिलेलीही नसेल. ओसरीवर सासरे हसू लागले. आमच्याच गल्लीत आडनावानं सराफ असलेले गृहस्थ शाळेत ड्रॉइंग शिकवत आणि कुणी त्यांच्याकडं सोनं पारखायला नेत नसे. सासऱ्यांनी ते सासूबाईंना सांगितलं, सासूबाईंनी मला. वहीत नवा रकाना आखला गेला, ‘सध्याचा पेशा’. स्मिथ, कूपर आणि आल्या-गेल्या सगळ्यांसाठी तो भरायला बसलो तेव्हा पंचाईत झाली. पुस्तकात कुणी काही करतच नव्हतं. सासऱ्यांनी अखेर सगळ्यांपुढं एकच नोंद केली: चहा घेणे, पत्रे लिहिणे.

अपवाद एकटे क्लार्क. डिक्शनरीत त्या नावाचा अर्थ कारकून निघाला, आणि ते खरोखरच कारकून होते. सासऱ्यांनी त्यांच्या दोन्ही रकान्यांत तोच शब्द लिहिला आणि त्या दिवसापासून गोष्टीत त्यांची बाजू घेतली.

“कारकुनाला मुलगी द्यायला तिकडंही कुणी तयार नाही,” सासूबाई तांदळातून मान वर न करता म्हणाल्या. “आमच्या वडलांनीच काय ते धाडस केलं.”

परीक्षेला तीन आठवडे राहिले असताना एका सकाळी गुरांचे नवे डॉक्टर दारात आले. मद्रासकडचे, मराठी येत नव्हतं. त्यांनी इंग्रजीत काही विचारलं. सासरे उभे राहिले आणि उभेच राहिले. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, सावकाश. तेवढ्यात उंबऱ्यावरून सासूबाईंनी रोजच्या सवयीनं तेच वाक्य आपल्या चालीनं म्हटलं: “इज द तहसीलदार इन टाउन?” सासऱ्यांनी तत्काळ उत्तर दिलं, “नो सर, ही इज ऑन टूर.” डॉक्टर आभार मानून गेले. जाताना त्यांनी दोनदा वळून पाहिलं.

आमच्या पद्धतीतली चूक त्या दिवशी कळली. सासऱ्यांना इंग्रजी येऊ लागलं होतं, पण फक्त बायकोच्या तोंडून आलेलं. लेखी निभली असती. तोंडीला समोर परका साहेब बसणार होता.

सासरे त्या दिवशी जेवले नाहीत. वही मिटून खुंटीखाली ठेवली आणि म्हणाले, दप्तरखाना वाईट नसतो, तिथं निदान सावली असते. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं.

“मी येऊ का तुमच्याबरोबर? साहेब बोलला की मी सांगते.”

एवढं बोलून सासूबाईंनी तांदळाचं सूप उचललं आणि उंबऱ्यावरून उठल्या. उद्यापासून सून बोलेल, तुम्ही ऐकायचं, असं म्हणाल्या. सासऱ्यांनी विचारलं, लोक काय म्हणतील?

“इंग्रजीतलं बोलणं आपल्यात धरायचं नाही. आपल्या रीतीत इंग्रजीचं काही सांगितलेलं नाही. मराठी माझ्याकडून जाईल, जशी जाते तशी.”

दुसऱ्या दिवशी मी दाराआडून म्हटलं, “गुड मॉर्निंग, सर.” सासरे बसले होते ते उठून उभे राहिले. कचेरीत इंग्रजी बोलणाऱ्यापुढं बसायची सवय नव्हती. पाठोपाठ आतून सासूबाईंचा हसण्याचा आवाज आला.

पहिले दोन दिवस त्यांना माझं एकही वाक्य लागत नव्हतं. चौथ्या दिवशी लागू लागलं. आठवड्याभरात मी दार सोडून उंबऱ्यापर्यंत आले, डोक्यावर पदर तसाच. मिस्टर स्मिथ यांची तब्येत, मिस्टर कूपर यांचा हट्ट, मिस्टर क्लार्क यांच्या पगारवाढीची शक्यता, यावर आम्ही इंग्रजीत बोलत असू, आणि आमटीत मीठ कमी आहे हे सासूबाईंमार्फत मराठीत येत असे. एकदा सासऱ्यांनी मला इंग्रजीत पाणी मागितलं. सासूबाईंनी ते तिथंच थांबवलं. पाणी मराठीतच मागायचं, ते त्या देतील. त्या तीन आठवड्यांइतकं घर मी पुन्हा कधी हसताना ऐकलं नाही.

परीक्षा उस्मानाबादला होती, घरच्या बोलण्यात धाराशिवला. सासरे बार्शीमार्गे बसनं गेले. ते नसताना, परीक्षेच्या दोन्ही दिवशी सकाळी सासूबाई नेमक्या वेळी सूप घेऊन उंबऱ्याशी बसल्या. तांदूळ आधीच निवडलेले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी सासरे परत आले, पाय धुतले, ओसरीवर बसले आणि सासूबाईंना सांगू लागले. मी दाराआड होते.

लेखी ठीक गेली. पब्लिकला के लावला नाही. तोंडीला साहेबानं पहिलं विचारलं, इंग्रजी कुणाकडून शिकलात? सासऱ्यांनी सांगितलं, सुनेकडून. मग साहेबानं विचारलं, वाचता काय? तेव्हा यांनी वहीच्या क्रमानं प्रकरण मांडलं. नाव, बापाचं नाव, जुना पेशा, सध्याचा पेशा, राहणार कुठले, वाद कशाचा. चहा घेणे आणि पत्रे लिहिणे इथं साहेबानं लेखणी खाली ठेवली. शेवटी विचारलं, मग मुलगी कुणाला दिली? यांनी सांगितलं, तेवढा कागद वाळवीनं खाल्ला, सर. साहेब म्हणाला, तुमचं मत काय?

“मी म्हणालो, सर, मी पेशकार. कागद मांडणं माझं काम. हुकूम तुमचा.”

सासूबाईंनी विचारलं, मग?

साहेब बराच वेळ हसला, असं सासऱ्यांनी सांगितलं. मग शेजारच्या साहेबाला विचारून त्यानं सांगितलं, मुलगी क्लार्कना द्यावी. आणि यांच्या नावापुढं काहीतरी लिहून म्हणाला, तुम्ही पेशकारच राहा.

एवढं सांगून सासरे उठले. खुंटीखालची वही घेतली, कैफियतीच्या रकान्यात ओळभर लिहिलं, शाई वाळू दिली. मग सासूबाईंच्या बाजूला न पाहता दाराकडं वळले.

“सूनबाई, लग्नाचा हुकूम झाला. वाचून घ्या.”

हे मराठीत होतं. मी सासूबाईंकडं पाहिलं. त्यांनी सूप उचललं, आणि दोघांनाही चहा लागेल म्हणून आत गेल्या.