माळवदावरची माती

लातूरच्या कोचिंग क्लासमध्ये मी भौतिकशास्त्र शिकवतो. पोरं विचारतात, "सर, आधी काय करत होता?" मी म्हणतो, नांदेडला संशोधन. पुढं बोलत नाही.

काम असं होतं. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या निर्वात पात्रात ठेवून व्होल्टेज लावलं की त्यांच्या टोकांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. टोकांवर मॅग्नेशियम ऑक्साईडचा पातळ थर दिला, तर कमी व्होल्टेजलाही सुटतात. माझा पहिला नमुना चांगला चालला. फक्त प्रवाह हळूहळू घसरायचा. पात्रात उरल्यासुरल्या वायूचा मार टोकांना बसायचा. प्रबंध त्याच नमुन्यावर उभा होता. टोकांना जपायचं म्हणून मी वर आणखी एक थर चढवला. मग आणखी एक. प्रवाह बंदच पडला.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "गिलावा केलास की रे. टोकं पार पुरलीस. कुणी सांगितलं होतं?"

कुणी नाही. हाताला सवय होती. आमच्या किल्लारीकडं माळवद, म्हणजे घराचं मातीचं छत, गळायला लागलं की वर पांढऱ्या मातीचा थर टाकायचा. दरसाल. खालचा कोण काढतंय? अकरावीला लातूरला आलो, त्याआधीच्या उन्हाळ्यात आमच्या माळवदावर मीच माती चढवली. धाकट्या बहिणीच्या अंथरुणावर पाणी यायचं. भूकंपाच्या पहाटे मी लातुरात ट्यूशनच्या खोलीवर होतो. ती त्या मातीखाली.

सरांना यातलं काही सांगितलं नाही. नवा नमुना केला, एकच पातळ थर दिला. प्रवाह घसरला तरी हात लावला नाही. घसरण जशी होती तशी प्रबंधात लिहिली. ते चाललं.

यंदा पावसाळ्यात आईकडं गेलो. पुनर्वसनात मिळालेल्या घराचा स्लॅब गळत होता. "माणूस बोलावून वर थर मारून घेऊ," असं म्हणालो आणि तिथंच अडकलो. मग इतक्या वर्षांचं साठलेलं बोललो, "आई, त्या साली माती मी चढवली होती."

ती तूर निवडत होती. "गळत हुतं. टाकणारच की. टोपली भरून कोण देत हुतं तुला?"



"मीच की रं." तुरीतला खडा वेचून ती म्हणाली, "वर काई चढवू नको आता. बादली हाय."

बादली जरा बाजूला पडली होती. मी ती सरकवून धारेखाली लावली.