ललिताबाईंच्या पाळणाघरातली शांतता

आमच्या धामणगाव रेल्वे या गावात ललिताबाईंचं पाळणाघर माझ्या घराच्या भिंतीला लागूनच आहे. भिंत पातळ, त्यामुळे माझी दुपारची झोप गेली ती गेलीच. मी कुरकुर केली की बाई फणकारायच्या, "लेकरं हायेत ते. तोंडात बोळा कोंबू का त्यायच्या?"

ही सगळी कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगात राबणाऱ्या बायांची लेकरं. पूर्वी कुणाकडे मूल सांभाळायला ठेवायचं तर अर्धी मजुरी तिथंच जायची. म्हणून बाया लेकराला शेडमध्येच, रुईच्या धुळीत, लुगड्याच्या झोळीत टांगायच्या. मग सरकारचं अनुदान आलं आणि पाळणाघर त्यांना परवडायला लागलं. पण अनुदान मोजक्याच लेकरांपुरतं. दारात ताटकळणाऱ्या आया कितीतरी, एका लेकराचं नाव यादीतून कमी झालं की दुसऱ्याचं लागणार.

बाईंची एक सवय होती. संध्याकाळी लेकरू आईच्या कडेवर देताना त्याचा दिवस कसा गेला ते सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांगायचं. "हा आज लय रडला व माय, डोकं उठवलं यानं!" किंवा, "हे पाय गुणाचं लेकरू. हूं का चूं केलं नाई." मनात काही नसायचं. तोंड फटकळ, हात मऊ, असं ते माणूस. रडव्या अश्विनला दिवसभर खांद्यावर घेऊन फिरायच्या त्याच. पण त्याची आई पिंकी ते ऐकून खाली मान घालायची.

यंदा दिवाळीनंतर जिनिंगचा हंगाम भरात आला आणि भिंतीपलीकडचा आवाज हळूहळू बंद झाला. अश्विनसुद्धा गुणाचा झाला. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "वा, काय शिस्त लावली बाई तुम्ही!" बाई आठवडाभर ते सांगत फिरल्या.

आणि मग एका दुपारी बाईंची किंकाळी ऐकू आली. धावत गेले. अश्विन खिचडी खायला उठत नव्हता. हलवलं, पाणी शिंपडलं, पण मान लुळीच. ऑटोत घालून आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. माझ्या पायात चपलाही नव्हत्या. जिनिंगातून पिंकी धावत आली, केसांत रुईचे पुंजके तसेच.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "याला काय पाजलं?"

पिंकीनं पिशवीतून बाटली काढली. "सर्दीची दवाई. रोज सकाळी एक झाकण देतो. आज झोपूनच नाई राहिला, त दोन देल्ले."

"सर्दी झाली होती?"

"नाई."

ललिताबाईंनी तिचे खांदे धरले. "मंग कावून देल्ली व पोरी? कावून?"

"तुमीच त म्हणता, रडत नाई ते गुणाचं. रडक्या लेकराचं नाव काढून टाकते म्हणे सरकार. मी एकलीच नाई मावशी, साऱ्याच बाया पाजून राहिल्या."

साऱ्याच! सरकारनं असं कधी म्हटलं नव्हतं, बाईंनी तर नाहीच नाही. तरी रोज सकाळी घराघरात ते झाकण भरलं जात होतं. बाईंनी पाळणाघरातल्या मदतनीस शकुनला फोन लावला. "साऱ्या लेकरायले उठव! एकेकाले उभं कर! जे उठत नाई त्याले घेऊन इकडं धाव!"

शकुनचा फोन आला की सगळी उठली, सगळी रडताहेत. त्यानंतर कितीतरी वेळ आम्ही सलाइनकडे बघत बसलो. अखेर अश्विननं पाय झाडले, डोळे किलकिले केले आणि भोकाड पसरलं. एवढा गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

पिंकी झेपावली. मला वाटलं, छातीशी धरेल. पण तिनं त्याच्या तोंडावर तळहात दाबला आणि बाईंकडे बघत गयावया करू लागली, "रडत नाई तो, मावशी. आजच रडून राहिला. नाव नका काढू जी त्याचं."