आप्पांचा ताप आणि तीनदा दिलेला नारळ

माझं लग्न एका जंतूनं जमवलं, आणि दोनदा मोडलंही त्यानंच.

लढाईचे दिवस होते. मी बेळगावात रक्त तपासायच्या खोलीत मदतनीस होतो. निपाणीचे तंबाखूवाले आप्पा आमच्या ओळखीचे. त्यांची सुमती मला लई आवडायची, आणि आप्पांना मी मुळीच आवडत नव्हतो! "दिवसभर किडं बघणाऱ्याला पोरगी? न्हाय जमायचं!"

अशात आप्पांना ताप भरला. मी रक्त घ्यायला गेलो, तर तापलेले आप्पा गोड हसले आणि देवापुढचा नारळ माझ्या ओंजळीत ठेवून म्हणाले, "जावईबापू, सुमी तुमची!" मी हवेतच! पाचव्या दिवशी ताप उतरला. "नारळ ठेवा खाली," आप्पा म्हणाले. "तापात बोलल्यालं धरायचं नसतंय."

आठवड्यानं ताप परत, नारळ परत. ताप उतरला, नारळ खाली!

"औषध देतायसा का खेळ लावलाय?" आप्पा तडकले.

"आप्पा, हा जंतू कोट बदलतो. रक्तातले शिपाई जुना कोट ओळखायला शिकतात, तोवर हा नवा घालून हजर! पेटीभर कोट त्याला वाडवडिलांकडूनच आलेले असतात." (वारशाची ती थाप होती. पुढं कैक वर्षांनी खरी निघाली!)

"आणि तुमच्याकडं कोट किती?"

"एकच."

"मग जंतूच बरा की वो!"

लाज वाटते सांगायला, पण तिसऱ्या तापाची मी वाट बघत होतो. ताप आला, नारळ आला, आणि तो घेऊन सोप्यावर टेकलो तोच मलाही हुडहुडी भरली. हा जंतू वाहणाऱ्या, आप्पांच्या घोंगडीतल्या उवांनी मलाही जीव लावला होता! भिंती हळूहळू लांब गेल्या. जंतू शिंप्यापुढं रांगेत उभे राहून कोटाची मापं देत होते, आणि पलीकडं सुमती ओढ्याच्या गार पाण्यातून सावकाश चालली होती. तहान तर अशी लागली! मी तरंगत उठलो, नारळ उंबऱ्यावर आपटला आणि पाणी गटागटा प्यालो.

शुद्धीवर आलो तर समोर आप्पा. ताप उतरलेला, हातात नारळाची दोन भकलं.

"आप्पा, चुकलं..."

"दिलेला नारळ परत घेता येतोय. वाढवलेला कसा घेऊ?" त्यांनी कपाळावर हात मारला. "लागा तयारीला!"

सुमती अजून ऐकवते, "आप्पांनी शब्द दिला तापात, तुमी नारळ फोडला तापात. ताप नव्हता तो मला एकटीला, आणि अक्कल गेलती ती बी माझीच!"