चष्म्याची डबी
तळोज्याकडून वारा सुटला की केमिकलचा उग्र वास कामोठ्यापर्यंत येतो आणि मला ती चष्म्याची डबी आठवते. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बायकांच्या आधारगृहात मी समाजसेविका म्हणून नवीनच लागले होते. भर दुपारी दारात एक माणूस आला, हातात चष्म्याची डबी, त्याच्या कपड्यांना तोच वास. “मॅडम, मिसेस चष्मा घरीच विसरली. त्याच्याबिगर तिला दिसत नाय ओ,” तो हात जोडून म्हणाला. आदल्याच दिवशी आलेली एक बाई आत भिंती चाचपत चालत होती, म्हणून मी बोलून गेले, “ठेवा, देते तिला.” आत कोण आहे हे कुणालाही कळू द्यायचं नाही, हा आमचा पहिला नियम. तो हसला. “म्हणजे इथंच हाय,” म्हणाला आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला. मी डबी उघडली. आत चष्मा नव्हताच. अजूनही तो वास आला की माझी नजर आधी त्या टपरीकडे जाते.